छोट्या नौदलाला लँडिंग क्राफ्ट कशाला हवी? पापुआ न्यू गिनीच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पापुआ न्यू गिनीच्या नौदलाकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जहाजं. त्यांनी १९७० च्या दशकातल्या, सपाट बुडाच्या, दहा नॉटवर चालणाऱ्या लँडिंग क्राफ्ट, म्हणजे थेट किनाऱ्यावर टेकून पुढचं दार पाडून माल उतरवणाऱ्या बोटी, इतकी वर्षं का सांभाळल्या? त्या पैशात आणखी एक वेगवान गस्ती बोट आली नसती का? आणि याला जोडून दुसरा प्रश्न: मुद्दाम किनाऱ्यावर चढवलेली बोट परत पाण्यात काढतात कशी?

माझी नोकरी लँडिंग क्राफ्टवर झाली. आधी नौदलात, नंतर आखातात मालवाहू क्राफ्टवर मास्टर, म्हणजे कप्तान म्हणून. पापुआ न्यू गिनीच्या बोटींवर मी कधी नव्हतो, पण या जातीच्या बोटी कशा वागतात आणि कशाने खराब होतात हे चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मत आधीच सांगतो. ज्या देशाची बहुतेक वस्ती धक्का नसलेल्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर आहे, त्याच्या नौदलातली सगळ्यात उपयोगी बोट हीच. गस्ती बोट लागतेच, परदेशी मासेमारी रोखायला तिच्याशिवाय चालत नाही. पण पूर आला, ज्वालामुखी उसळला, निवडणुकीचं साहित्य पोचवायचं असलं किंवा एखाद्या बेटावर बुलडोझर उतरवायचा असला, की गस्ती बोट नुसती समोर उभी राहू शकते.

थोडी पार्श्वभूमी देतो. ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलंडमधल्या मेरीबरो इथल्या वॉकर्स लिमिटेड या यार्डात १९७१ ते १९७४ च्या दरम्यान आठ लँडिंग क्राफ्ट बांधून घेतल्या. वर्गाचं नाव बालिकपापान. लांबी ४४.५ मीटर, रुंदी १०.१ मीटर, पूर्ण भारात वजन ५०३ टन, पाण्याखालची खोली जेमतेम २ मीटर. सुमारे १८० टन माल किंवा तीन लेपर्ड रणगाडे मावतात. मूळ आराखड्यात खलाशी धरून माणसं तेरा. ऑस्ट्रेलियन कागदपत्रांत तिला 'हेवी' म्हटलंय, पण काम युटिलिटी क्राफ्टचंच: मिळेल ते भरायचं आणि धक्का नसेल तिथे उतरवायचं. आठही नावं दुसऱ्या महायुद्धातल्या ठिकाणांची. त्यातली 'सालामौआ' आणि 'बुना' ही तर पापुआ न्यू गिनीच्याच किनाऱ्यावरची. १९७५ मध्ये देश स्वतंत्र होण्याच्या सुमाराला याच दोन बोटी त्यांच्याकडे सुपूर्द झाल्या, सोबत अटॅक वर्गाच्या पाच गस्ती बोटी. नौदलाची सुरुवात एवढ्यावर झाली.

पुढचा हिशेब बघा. अटॅक वर्गाच्या बोटी गेल्या, १९८७ पासून पॅसिफिक वर्गाच्या चार आल्या. त्याही थकल्या तेव्हा २०१८ पासून गार्डियन वर्गाच्या येऊ लागल्या. लँडिंग क्राफ्ट मात्र दशकानुदशकं त्याच दोन. तिसरी मिळाली ती थेट २०१४ च्या अखेरीस: ऑस्ट्रेलियाने सेवेतून काढलेली 'लाबुआन', नव्या नावाने 'लाकेकामू', प्रशिक्षणासाठी दिलेली. म्हणजे तीही त्याच वर्गातली.

हा देश नकाशावर नीट पाहिला की कारण कळतं. राजधानी पोर्ट मोर्सबीपासून लाए या दुसऱ्या मोठ्या शहराला रस्ताच नाही. डोंगराळ भागात जाणारा हायलँड्स हायवे लाएहून निघतो, राजधानीहून नाही. बेटं ६०० च्या आसपास. नौदलाचा मुख्य तळ लोम्ब्रुम हा मानुस बेटावर, अगदी उत्तरेला. पोर्ट मोर्सबीहून तिथे जायचं तर न्यू गिनीच्या मुख्य बेटाचं पूर्व टोक वळून वर जावं लागतं, लँडिंग क्राफ्टच्या चालीने तीन-चार दिवस. एवढ्या किनाऱ्यावर खरे धक्के मोजके. बाकी गावांसमोर वाळू, चिखल, नाहीतर पोवळ्याचा खडक.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या नौदलाच्या 'सह्याद्री' आणि 'कोलकाता' पोर्ट मोर्सबीला जाऊन आल्या. दोन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, उत्तम युद्धनौका. पण यातली कुठलीही नौका त्या देशातल्या साध्या गावासमोर माल उतरवू शकत नाही. जवळ जाण्याइतकं पाणीच नसतं. तिथे पाचशे टनांची सपाट बुडाची बोट जाते, दार उघडते आणि ट्रक आपल्या चाकांवर खाली उतरतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. खरी विद्या तिथेच आहे.

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीने जे गेलेत त्यांनी पुढचं दार पाडून गाड्या उतरताना पाहिल्या आहेत. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. तत्त्व तेच, पण ती खाडीच्या शांत पाण्यात बांधलेल्या उतारावर टेकते. उघड्या समुद्राच्या किनाऱ्यावर उतार निसर्गाने केलेला असतो आणि मागून लाट येत असते. सगळा फरक तिथून सुरू होतो.

लँडिंग क्राफ्टचं बूड सपाट असलं तरी पाण्यात ते समांतर नसतं. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे कमी खोल, मागे जास्त खोल, असं तिरकस ठेवलेलं असतं. किनाऱ्याचा उतार या तिरकेपणाशी जुळला तर बोट लांबीभर टेकते आणि शांत बसते. उतार जास्त उभा असला तर फक्त नाळ टेकते आणि मागची बाजू तरंगत राहते. मग बाजूचा वारा किंवा किनाऱ्यालगतचा प्रवाह तिला फिरवायला लागतो. उतार फारच सपाट असला तर उलटं होतं. मागची बाजू आधी टेकते, बोट ढकलणारे पंखे वाळूत जातात, नाळ अजून तरंगतेय आणि दार पडतं ते कमरेएवढ्या पाण्यात. नवशिक्याला सपाट किनारा सोपा वाटतो. माझ्या मते तो जास्त फसवा. त्यातही किनाऱ्यापासून थोडं समुद्रात वाळूचा बांध असतो आणि बांध व किनारा यांच्यामध्ये पुन्हा खोल चर. बोट बांधावर टेकली म्हणजे किनारा आला असं वाटतं, ट्रक उतरतो आणि चरात बसतो. म्हणून पहिल्यांदा जाताना छोटी बोट पुढे पाठवून काठीने खोली बघायची, आणि दारापासून कोरड्या वाळूपर्यंतची सगळी वाट एका माणसाने पायी चालून यायची. यंत्रं कितीही चांगली असली तरी ही चाल मी कधी टाळू दिली नाही.

मग मागचा नांगर. किनाऱ्याकडे जाताना बोटीच्या तीन-चार लांबी अंतर राहिलं की मागच्या बाजूने नांगर सोडायचा आणि त्याची वायर विंचवरून, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या यंत्रावरून सुटू द्यायची. परत निघताना याच नांगरावर स्वतःला ओढून घ्यायचं असतं. नांगर उशिरा टाकला तर वायर कमी पडते, ती वरच्या कोनात ओढते आणि नांगर उपटून येतो. लवकर टाकला तर किनारा येण्याआधी वायर संपते. विंचच्या ब्रेकवर जो खलाशी असतो त्याच्या हाताचा अंदाज हा कप्तानाच्या अंदाजाइतकाच मोलाचा. वायर सैल सोडली तर ती पंख्यात जाते. घट्ट धरली तर बोटीची नाळ वळते आणि ती लाटेला आडवी होते. उथळ पाण्यात आडवी झालेली लँडिंग क्राफ्ट म्हणजे संकट. पुढची प्रत्येक लाट तिला आणखी वर ढकलते.

निघण्याचा क्षण जवळून सांगतो, कारण याबद्दल फार कमी लिहिलेलं आढळतं. आधी विंचवर वायरचा ताण घ्यायचा, बोट अजून जागेवरच. वायर पाण्याबाहेर येऊन थरथरायला लागते आणि तिच्यातून पाणी पिळल्यासारखं गळतं. मग दार उचलायचं, पण ते पूर्ण बंद होऊन खिट्ट्या लागल्याचा आवाज येईपर्यंत इंजिन मागे घ्यायचं नाही. त्यानंतर दोन्ही इंजिनं मागे. पंख्यांनी पुढे फेकलेलं पाणी बुडाखालून नाळेकडे जातं आणि धरून बसलेली वाळू सुटी करतं. तरी बोट हलत नाही. तेव्हा घाई न करता लाटेकडे बघत थांबायचं. मोठी लाट नाळेखाली शिरली की बोट क्षणभर हलकी होते. त्याच क्षणी विंच ओढतो आणि बोट हातभर सरकते. पुन्हा थांबायचं. दोन-तीन लाटांत ती सुटते. या वेळी सुकाणू मधोमध, वळवायचं ते इंजिनांनीच. चिखलात बसली असेल तर बूड शोषल्यासारखं धरलं जातं. तिथे एक इंजिन पुढे, एक मागे, असं आलटून पालटून तिला डोलवावं लागतं.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावं लागणार नाही. चढत्या भरतीवर टेकायचं म्हणजे काम होईतो पाणी वाढून बोट आपसूक सुटायला तयार होते. उधाणाच्या ऐन भरतीला टेकलेली बोट अडकली तर पुढचं उधाण येईपर्यंत तिथेच. मधल्या भांगाच्या भरतीचं पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र हा आधारच तोकडा आहे. तिथे भरती-ओहोटीतला फरक मुळात लहान. मुंबईत चार-पाच मीटर पाणी चढउतार करतं, तिथे बऱ्याच ठिकाणी मीटरभरही नाही. त्यामुळे भरतीची वाट बघून सुटता येत नाही. सगळी भिस्त मागच्या नांगरावर, बॅलास्टवर (टाक्यांत वजनासाठी घेतलेल्या पाण्यावर) आणि टेकताना ठेवलेल्या वेगावर. दक्षिणेला पापुआच्या आखातात आणि फ्लाय नदीच्या मुखाशी चित्र पुन्हा वेगळं: चिखल, सरकणारे गाळाचे पट्टे, आणि नकाशा छापल्यानंतर जागा बदललेली वाट. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा, डिसेंबर ते मार्च वायव्येचा. एका हंगामात जो किनारा सुरक्षित, तो दुसऱ्यात उघडा पडतो. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि जुन्या खलाशांच्या डोक्यात जास्त असतं. छोट्या नौदलात तेच खलाशी वर्षानुवर्षं त्याच बोटीवर राहतात, हा मोठ्या नौदलांना न मिळणारा फायदा.

पोवळ्याच्या किनाऱ्यावर सूर्य डोक्यावर असतानाच जायचं. पाण्याचा रंग वाचता आला पाहिजे: गडद निळा, हिरवा, मग तपकिरी डाग. तपकिरी डाग म्हणजे खडकाचं डोकं. संध्याकाळी समोरून ऊन आलं की यातलं काही दिसत नाही.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट मात्र माल भरण्याची. उतरवणं सोपं असतं, कारण माल जाईल तशी बोट हलकी होऊन उचलली जाते. इतकी की तिला जागेवर ठेवायला इंजिन हळू पुढे ठेवावं लागतं किंवा टाक्यांत पाणी घ्यावं लागतं. पण गावकरी परतीला खोबरं, कोको, रिकामे ड्रम, आजारी माणसं, कधी बिघडलेला ट्रॅक्टर देतात. किनाऱ्यावर बसलेल्या बोटीत वजन चढवलं की ती आणखी रुतते. म्हणून भरण्याआधी पुढच्या टाक्यांत पाणी घेऊन ठेवायचं, आणि निघताना ते पंपाने बाहेर काढून भरलेल्या मालाइतकी नाळ हलकी करायची. हे ज्याने आधी केलं नाही त्याला परतीचा माल नाकारावा तरी लागतो, नाहीतर तिथेच रात्र काढावी लागते. गाड्यांचं म्हणाल तर त्या चढवताना रिव्हर्समध्येच चढवायच्या, म्हणजे उतरताना ड्रायव्हरला समोरचं दिसतं.

या बोटींचे दोष लपवण्यात अर्थ नाही. सपाट बूड लाटेवर आपटतं, सगळं जहाज हादरतं आणि समोरच्या समुद्रात दहा नॉटचे सहा होतात. बाजूच्या वाऱ्यात ती खेकड्यासारखी तिरकी चालते. शस्त्र म्हणाल तर जड मशीनगन. समोर कोणी लढायला असेल तर एकटीने जाऊ नये. चालक दलाला लांबच्या प्रवासात विश्रांती मिळत नाही, आणि तेरा माणसांत दोन आजारी पडले तर पाळ्या लावणं कठीण होतं.

पण याच वर्गाने काय काय केलं ते पाहा. १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन उद्ध्वस्त केलं तेव्हा ऑस्ट्रेलियाने 'बालिकपापान' आणि 'बेटानो' मदतीला पाठवल्या. १९९९ मध्ये पूर्व तिमोरच्या दक्षिण किनाऱ्यावर सुआई इथे सैन्याचा माल याच बोटींनी वाळूवर उतरवला. फुटून निघू पाहणाऱ्या बोगनव्हिल बेटाची पापुआ न्यू गिनी सरकारने १९९० मध्ये नाकेबंदी केली होती आणि औषधांअभावी तिथल्या लोकांचे फार हाल झाले. त्यावर माझं मत स्पष्ट आहे: औषध अडवायला नौदल वापरणं चुकीचंच होतं. पुढे १९९७ मध्ये शस्त्रसंधी झाली, १९९८ पासून शांतता निरीक्षक त्याच बेटावरच्या लोलोहो इथे तळ ठोकून बसले, आणि त्यांच्या कामातही ऑस्ट्रेलियाच्या याच वर्गाच्या बोटी होत्या.

मग या बोटी मरतात कशाने? वाळूने. युद्ध किंवा वादळ नंतर येतं. प्रत्येक टेकण्यात बुडाचा रंग घासून जातो, उघड्या पोलादावर गंज चढतो, पुढच्या टेकण्यात तो गंज घासून जातो आणि प्लेट बारीक होत राहते. थंड करायला घेतलेल्या समुद्राच्या पाण्यातून वाळू आत येते आणि पंपांचे इम्पेलर, म्हणजे आतली फिरती पाती खाते. पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग झिजतं. दाराचा रबर फाटतो, मग नाळेतून पाणी शिरतं, आणि गाड्यांच्या उघड्या डेकवर साचलेलं पाणी बोट डोलली की एका बाजूला धावतं. डेकचे निचऱ्याचे व्हॉल्व्ह कचऱ्याने तुंबलेले असले तर तोल जायला एवढंच पुरतं. दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना आणि उचलायच्या वायरी ही तर रोज बघायची गोष्ट. छोट्या नौदलात नेमका याच कामांचा पैसा आधी कापला जातो, कारण बोट धक्क्याला उभी असताना ती बाहेरून ठीकच दिसते.

म्हणून फुकट मिळालेल्या बोटीबद्दल सावध असावं. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये तीन आणि २०१४ मध्ये उरलेल्या तीन सेवेतून काढल्या. एक पापुआ न्यू गिनीला गेली. फिलिपिन्सला २०१५ मध्ये दोन भेट मिळाल्या आणि पुढच्या वर्षी बाकीच्या तीन त्यांनी विकत घेतल्या. मूळ मालकानेच वर्ग बंद केला की सुट्या भागांचा झरा आटतो. भेट देणाऱ्याने सोबत पाच वर्षांचे सुटे भाग, दोन ड्रायडॉक (बोट पाण्याबाहेर काढून दुरुस्ती) आणि विंचवरच्या खलाशांचं प्रशिक्षण द्यावं. घेणाऱ्याने तेवढं मागावं. हे मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे या कामाचा अनुभव मोठा आहे. कोलकात्याच्या गार्डन रीचने बांधलेल्या एलसीयू (लँडिंग क्राफ्ट युटिलिटी) मार्क चार वर्गाच्या आठ नौका, ५१ ते ५८ क्रमांकाच्या, २०१७ ते २०२१ या काळात नौदलात आल्या. लांबी ६२.८ मीटर, वेग १५ नॉट, अर्जुन रणगाडा नेण्याची क्षमता, मुख्य काम अंदमान-निकोबारला. त्याआधीच्या पिढीतली, पोलंडमध्ये बांधलेली 'गुलदार' जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली आणि सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिला पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं. मे २०२३ मध्ये मालदीवला गस्ती नौकेबरोबर एक लँडिंग क्राफ्टही भारताने दिली.

पण पापुआ न्यू गिनी किंवा मालदीवसारख्यांना मार्क चार मोठी पडते. तोफा, सेन्सर, जास्त माणसं, जास्त इंधन. त्यांना हवी ४० ते ४५ मीटरची, पंधरा माणसांत चालणारी. इंजिनं अशी की ज्यांचा मेकॅनिक बंदरातल्या ट्रकच्या गॅरेजात सापडेल. समुद्राचं पाणी आत न घेता बाहेरच्या पाइपांतून थंड होणारी यंत्रणा, म्हणजे वाळूचा प्रश्नच निम्मा होतो. मागच्या नांगराची विंच गरजेपेक्षा एक माप मोठी. आणि बुडाची पुढची एक तृतीयांश प्लेट बाकीपेक्षा जाड, झिजली की तेवढीच कापून बदलता येईल अशा तुकड्यांत.